जुलै ते सप्टेंबर बेकर्सफील्ड आणि मातीतली बुरशी (व्हॅली फीवर): आईबाबांना पाठवावं का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

आईबाबा निफाड तालुक्यात असतात, घरची द्राक्षबाग आहे. ताई कॅलिफोर्नियात, बेकर्सफील्डला. यंदा दोघांना तिच्याकडे पाठवायचंच असं ठरलंय. द्राक्षवाल्याला सुट्टी कधी मिळते हे इथल्या बागायतदारांना सांगायला नको. माल मार्च-एप्रिलपर्यंत निघतो, लगेच खरड छाटणी, मग विरळणी, सबकेन. पाऊस लागला की कुठे हात मोकळे होतात, ते ऑक्टोबर छाटणीपर्यंत. म्हणून जुलै ते सप्टेंबरअखेर असा बेत आखला. बागेकडे चुलतभाऊ बघणार आहे.

आणि आता ताई फोनवर सहज बोलून गेली की त्यांच्याकडे मातीतून एक बुरशी फुफ्फुसात जाते, व्हॅली फीवर म्हणतात, उन्हाळा उतरताना केसेस वाढतात. तिच्या ऑफिसातला एकजण त्यापायी बरेच दिवस घरी बसून होता. बाबा ६६ वर्षांचे, डायबेटिस आहे, गोळ्या चालू. आई धडधाकट, पण तिकडे जाऊन मागच्या अंगणात मेथी-कोथिंबीर लावायचा तिचा पक्का विचार आहे. बियाणं आत्ताच पुड्या बांधून ठेवलंय. बाबा तिथल्या द्राक्षबागा बघितल्याशिवाय परत येणार नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे आमची सोय आणि तिकडचा धोक्याचा हंगाम नेमके एकावर एक येतायत. तारखा बदलू की तिकीटच रद्द करू? तिथे खरंच इतकं असतं का?

तर्री

वाचतोय. मेथीचं बियाणं विमानतळावर अडवतील ते आधी बघा, बुरशीचं नंतर.

वाळवंटातली_तुळस

फिनिक्समध्ये राहते. इथे हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. शेजाऱ्याला झालेला असतो, त्याच्या कुत्र्यालाही झालेला असतो. कुत्रे उकरत बसतात ना!

एक लक्षात घ्या, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या दोन्हींचा हंगाम एकसारखा नाही. आमच्याकडे वर्षातून दोनदा जोर असतो. एकदा जून-जुलैच्या सुक्या दिवसांत आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मधे पाऊस येतो, त्याला इथेही मान्सूनच म्हणतात, पण नाशिकच्या पावसाची सवय असेल तर हसू येईल असा. तो येण्याआधी हबूब उठतो, म्हणजे क्षितिजापासून वरपर्यंत तपकिरी धूळ चालून येते आणि भरदुपारी गाडीचे दिवे लावावे लागतात. कॅलिफोर्नियात, म्हणजे तुमच्या ताईकडे, एकच मोठा चढ असतो. उन्हाळा संपत आला की सुरू होतो तो साधारण नोव्हेंबरपर्यंत. देशातल्या बहुतेक सगळ्या नोंदी याच दोन राज्यांत होतात.

रद्द मात्र करू नका. माझे आईवडील येऊन राहून गेले. वारा सुटला की खिडक्या बंद, गाडीत एसी आतल्या हवेवर, इतकं पाळलं.

डॉ_छातीठोक

छातीच्या रोगांचाच दवाखाना आहे, नाशिकलाच, म्हणून लिहितो. इथे लिहिलं म्हणजे तपासलं असं नव्हे, बाबांना त्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच पाठवा.

बुरशीचं नाव कॉक्सिडिऑइड्स. जाती दोन. कॅलिफोर्नियात मुख्यतः इमिटिस आणि ॲरिझोना, टेक्सास, मेक्सिको, दक्षिण अमेरिका इकडे पोसाडासी. दुसरीला ज्याचं नाव दिलं तो आलेहान्द्रो पोसाडास. ब्युनॉस आयर्समध्ये वैद्यकीचा विद्यार्थी असताना त्याने १८९२ मध्ये या आजाराचा पहिला रुग्ण नोंदवला, एक सैनिक. तेव्हा सगळ्यांना हा कुठलासा परजीवी जीव वाटला होता. बुरशी आहे हे कळायला १९०० साल उजाडलं.

आता हंगामाचं गणित. ही बुरशी कोरड्या, रेताड, खारवट जमिनीच्या वरच्या थरात राहते. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, आपल्या बरोबर उलट. ओल मिळाली की तिचे धागे वाढतात. उन्हाळ्यात जमीन सुकली की त्याच धाग्यांचे तुकडे पडतात, २ ते ५ मायक्रॉनचे. मग नांगर फिरू दे, जेसीबी चालू दे, नाहीतर नुसता वारा सुटू दे, तुकडे हवेत. चाळीतला काजळी आलेला कांदा उचलला की काळी पूड उडते ना, तसंच. फरक एवढाच की ही डोळ्यांना दिसत नाही. दुष्काळाची वर्षं, त्यावर एक भरपूर ओला हिवाळा आणि मग कडक उन्हाळा असा क्रम जुळला की पुढच्या शरदात आकडे उसळतात. कॅलिफोर्नियात २०२४ साली १२ हजारांवर नोंदी झाल्या, तोवर इतक्या कधीच झाल्या नव्हत्या.

फुफ्फुसात शिरल्यावर ती रूप पालटते. तिची गोल पिशवी होते, आत शेकडो बारके बीजाणू, पिशवी फुटली की प्रत्येकाची पुन्हा पिशवी. हे रूप खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे बाबांना झालाच तर आईला किंवा नातवंडांना त्यांच्यापासून भीती नाही.

साधारण ६० टक्के लोकांना काही झाल्याचं कळतसुद्धा नाही. उरलेल्यांना १ ते ३ आठवड्यांनी ताप, खोकला, छातीत दुखणं, रात्री घाम, सांधे धरणं आणि अंगातलं बळच गेल्यासारखा थकवा. यातले बहुतेक औषधाविनाही बरे होतात, पण आठवडे, कधी महिने घेतात. ५ ते १० टक्क्यांना फुफ्फुसाचा लांबणारा त्रास राहतो. १ टक्क्याच्या आसपास लोकांत ती बाहेर पसरते, हाडांत, त्वचेत, मेंदूच्या आवरणात. मेंदूच्या आवरणापर्यंत गेली तर गोळ्या जन्मभर.

तुमच्या बाबांचा मुद्दा डायबेटिसचा आहे. साखर वर असलेल्यांत फुफ्फुसाचा आजार जास्त बिघडतो, पोकळ्या पडतात. गरोदर बाई (विशेषतः शेवटचे महिने), अवयव बदललेले, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं घेणारे, हे त्याहून वरच्या धोक्याचे. त्यांना मी स्वतः हंगाम टाळायला सांगेन. बाबांचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) किती आहे?

गोदाकाठ

मागच्या तपासणीत ७.१ होतं डॉक्टर. धन्यवाद, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं.

वावरात

उगाच घाबरवू नका हो लोकांना. आपली माणसं जन्मभर मातीत राबलेली. मे महिन्यात चांदवड-मनमाडकडे काय धूळ असते ते या डॉक्टरांना माहीत नसेल असं नाही. त्या काकांची फुफ्फुसं असल्या धुळीला पुरून उरलेली आहेत. एसीत वाढलेल्या गोऱ्यांना होत असेल.

डॉ_छातीठोक

@वावरात, धुळीची सवय आणि या बुरशीविरुद्धची प्रतिकारशक्ती यांचा एकमेकांशी संबंध नाही. ही बुरशी आपल्या मातीत नाही. म्हणजे बाबांच्या शरीराने ती कधी बघितलेलीच नाही, मग ते निफाडच्या वावरात ५० वर्षं राबलेले असोत की राबलेले नसोत. उलट तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या पुष्कळ लोकांना ती नकळत होऊन गेलेली असते आणि एकदा झाली की बहुतेकांना पुढे संरक्षण मिळतं. म्हणून 'आम्हाला इतक्या वर्षांत काही झालं नाही' असं तिथला माणूस म्हणाला तर पाहुण्याने तो दाखला धरू नये.

गोऱ्यांचं म्हणाल तर शरीरभर पसरण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय आणि फिलिपिनो लोकांत जास्त दिसलंय.

हेल्मेटवाला

फ्रेस्नोत सिव्हिल इंजिनियर आहे. आमच्या धंद्यात हा विषय रोजचा. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदाच केला. फ्रेस्नो, कर्न (बेकर्सफील्ड यातच येतं), किंग्ज, ट्युलेरी वगैरे ११ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) बांधकामाच्या मालकाने दरवर्षी कामगारांना व्हॅली फीवरचं प्रशिक्षण द्यायचं, आजार कसा ओळखायचा इथपासून. त्यामुळे सकाळच्या बैठकीत आम्ही सिमेंटच्या आधी धुळीवर बोलतो.

जमीन हलली की माणसं आजारी पडतात, याचे इथे ढीगभर दाखले आहेत. जानेवारी १९९४ मध्ये नॉर्थरिजचा भूकंप झाला. दरडी कोसळल्या, धुळीचे लोट वाऱ्यावर सिमी व्हॅलीकडे गेले, २०३ जण आजारी पडले, ३ गेले. डिसेंबर १९७७ मध्ये बेकर्सफील्डच्याच परिसरातून असं वादळ उठलं की धूळ पार सॅक्रामेंटोपर्यंत, म्हणजे ४००-४५० किलोमीटर वर गेली आणि जिथे हा आजार फारसा कुणी बघितला नव्हता तिथे रुग्ण निघाले. २००१ मध्ये युटामधल्या डायनासोर नॅशनल मॉन्युमेंटला उत्खनन करणारे १० जण एकदम पडले. मे २०२४ मध्ये तुमच्या ताईच्याच काउंटीत, ब्युना व्हिस्टा तलावाकाठी संगीत महोत्सव झाला. लोक तंबू ठोकून धुळीत नाचले. त्यातले किमान १९ जण नंतर सापडले.

आणि उलटं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात याच खोऱ्यात लष्कराचे विमानतळ होते आणि वैमानिक पटापट आजारी पडायचे. चार्ल्स स्मिथ नावाच्या डॉक्टरने आवारात गवत लावायला आणि रस्ते, धावपट्ट्या पक्क्या करून घ्यायला लावलं. आकडे चांगलेच खाली आले. औषध नव्हतं तेव्हा, धूळ दाबली एवढंच.

आईंच्या मेथीबद्दल: खुशाल लावू दे. पण अंगणातली सुकी जमीन कुदळीने खणायची नाही. लाकडी वाफा जमिनीच्या वर बांधून त्यात विकतची माती-खत भरा, इथे सगळे तेच करतात. थोडं खणावंच लागलं तर आदल्या दिवशी पाणी मारून मुरू द्या, ओली माती उडत नाही. आणि माळी पालापाचोळा उडवायचं ते भोंग्यासारखं यंत्र घेऊन आला की आईंना घरात घ्या. त्याच्याइतकी धूळ ट्रॅक्टरही करत नाही.

गोदाकाठ

आणि बाबांच्या बागा? ते ऐकणार नाहीत. ताईने आधीच कुणाशी तरी बोलून ठेवलंय.

हेल्मेटवाला

आर्व्हिन किंवा डिलॅनोकडे नेतील. जुलैपासून तोडा चालू असतो, बाबा खूश होतील. ओलिताखालच्या, वर्षानुवर्षं कसलेल्या ओळींमध्ये ही बुरशी त्यामानाने कमी असते. पडीक जमीन, बागेच्या कडेचे कच्चे रस्ते, नव्याने सपाट करायला घेतलेला तुकडा, हे वाईट. शेतमजुरांना होतो, नाही असं नाही. ते दिवसभर महिनोन्महिने तिथेच असतात. बाबा एक सकाळ जाणार. वारा नसेल असा दिवस बघा, गाडी पक्क्या रस्त्यावरच थांबवा, एन-९५ लावा.

माती_परीक्षण

मास्कवरून सांगतो. आपल्याकडे फवारणीला उपरणं गुंडाळतात, बायका स्कार्फ बांधतात. २-५ मायक्रॉनच्या कणाला त्याचा फारसा अडथळा होत नाही. सर्जिकल मास्कच्या गालाजवळच्या फटीतून हवा जातेच. एन-९५ सुद्धा नाकावरची पट्टी दाबून, दाढी काढून घातला तरच उपयोगाचा. बाबांना दाढी असेल तर अवघड आहे.

(मिशी चालते 😄)

पंचवटीकर

आमच्या घरी हे होऊन गेलंय म्हणून लिहिते.

सासरे ॲरिझोनात तूसानला दिरांकडे गेले होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर तिथे, दिवाळीही तिकडेच केली. परत आले आणि पंधरवड्याच्या आत ताप. कोरडा खोकला, जिना चढताना मधल्या टप्प्यावर बसून राहायचे. आधी वाटलं प्रवासाचा शीण, नाशिकची थंडी. मग गुडघे धरले. मग दोन्ही नडग्यांवर लालसर गाठी उठल्या, सुपारीएवढ्या, हात लावला तरी कळवळायचे. मी चिकुनगुनियाची तपासणी करून आणली, ती निगेटिव्ह.

एका रुग्णालयात दाखवलं. एक्स-रेमध्ये उजवीकडे वर डाग. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, दुसरा झाला, डाग तसाच. मग अर्थातच टीबी. थुंकी दोनदा तपासली, काही निघालं नाही. सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) तीही निगेटिव्ह. तरी म्हणाले लक्षणं आणि फोटो टीबीसारखाच आहे, औषध चालू करून टाकू. चिठ्ठी लिहूनसुद्धा झाली होती. इतक्या सगळ्यात एकानेही विचारलं नाही की काका कुठे जाऊन आलात का. आणि आम्हाला तरी कुठे माहीत होतं की हे सांगायची गोष्ट आहे!

दिरांनी फोनवर नडग्यांचे फोटो बघितले आणि तिथूनच म्हणाले, व्हॅली फीवर असेल, आमच्याकडे असंच दिसतं. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दुर्बिणीतून तुकडा काढून तपासायला पाठवला आणि त्यात त्या गोल पिशव्या दिसल्या. फ्लुकोनॅझोलच्या, म्हणजे बुरशीवरच्या, गोळ्या कित्येक महिने घेतल्या. आता ठणठणीत आहेत. सोमेश्वरला पहाटे फिरायला जातात.

तर्री

बाप रे. म्हणजे टीबीची औषधं चालू झाली असती तर?

डॉ_छातीठोक

तर लिव्हरवर ताण पडला असता आणि बुरशी मजेत राहिली असती. पुढे आजार आपोआप ओसरला असता तर सगळे म्हणाले असते, बघा, टीबीच होता.

पंचवटीकर ताईंनी जे लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यात कामाचं आहे, गोदाकाठ, ते नीट वाचा. तुमच्या बाबांना तिथे काही झालं तर तिथले डॉक्टर एका रक्तचाचणीत ओळखतील (पहिल्या आठवड्यांत ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, मग पुन्हा करतात). घोळ होतो तो माणूस सप्टेंबरअखेर परततो आणि दसऱ्याच्या सुमारास नाशिकमध्ये आजारी पडतो तेव्हा. इथे वरच्या भागात डाग, ताप, घाम, वजन उतरलेलं असा माणूस समोर आला की आमच्या डोक्यात पहिलं काय येणार? टीबी. आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते बरोबरच असतं, म्हणून त्या डॉक्टरांनाही फार बोलू नका. नडगीच्या गाठीसुद्धा टीबीत येतात, त्यामुळे त्याही दिशाभूल करतात.

तेव्हा आल्यावर निदान दोन-तीन महिने, ताप-खोकला काहीही झालं तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच: 'कॅलिफोर्नियातल्या व्हॅली फीवरच्या भागात राहून आलोय.' नुसतं 'अमेरिकेला गेलो होतो' पुरेसं नाही. न्यूयॉर्कला जाऊन आलेल्याचा आणि बेकर्सफील्डहून आलेल्याचा विचार वेगळा करावा लागतो.

प्रयोगशाळेलाही हे कळलं पाहिजे, आणि ते आम्हा लोकांचं काम आहे. शरीरातलं रूप लागट नाही, पण तेच प्लेटवर वाढवलं की मातीतल्यासारखे धागे धरते आणि झाकण उघडणाऱ्याच्या नाकात जातं. १९२९ मध्ये स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला असंच झालं होतं. तो जगला आणि त्या निमित्ताने साधा ताप येणारं रूपही असतं हे लोकांना उमगायला लागलं.

आणखी एक. जाण्याआधी बाबांचा छातीचा एक्स-रे काढून फिल्म किंवा फोटो जवळ ठेवा. आपल्या पिढ्यांत जुन्या टीबीचा सुकलेला डाग पुष्कळांना असतो, त्यांना पत्ताही नसतो. नंतर डाग दिसला तर तो जुना की नवा यावर अर्धं निदान ठरतं.

कांदाचाळ

डॉक्टर, काजळीचं नाव काढलंत म्हणून विचारतो. आमची लासलगावजवळ चाळ आहे. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये भरतो, ऑगस्टपासून प्रतवारी करून काढत जातो. पावसाळी हवेत खालचा थर काजळतो, बायका निवडायला बसतात त्यांची बोटं, नाकपुड्या काळ्या होतात. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपवर फिरत होतं की हीच काळी बुरशी, यानेच डोळे जातात. बायका कामाला यायला तयार नव्हत्या. अमेरिकेतलं राहू द्या, आमच्या मातीत काय आहे ते सांगा.

डॉ_छातीठोक

रास्त प्रश्न. कांद्यावरची काजळी म्हणजे ॲस्परजिलस नायजर. २०२१ मध्ये कोविडनंतर ज्याने डोळे आणि जबडे गेले तो म्युकर, वेगळ्याच कुळातला. तोही मातीत, कुजक्या पाल्यात असतोच, रोज आपल्या सगळ्यांच्या नाकात जातो. त्या वर्षी माणसं गेली ती अफाट वाढलेल्या साखरेमुळे आणि स्टेरॉइडच्या वापरामुळे. कांदा निवडून कुणाला म्युकर झाला, यात काही तथ्य नव्हतं.

पण काजळी निरुपद्रवी आहे असंही नाही. ज्यांना दमा आहे त्यांना ॲस्परजिलसची ॲलर्जी होऊन दमा हाताबाहेर जातो. जुन्या टीबीने फुफ्फुसात पोकळी राहिली असेल तर तीत बुरशीचा गोळा धरतो आणि एक दिवस खोकल्यातून रक्त येतं. माझ्याकडे येणारी बुरशीची प्रकरणं बहुतेक ही अशी. कुजका कडबा, बुरसटलेलं धान्य, कंपोस्टचा ढीग उलटताना वर्षानुवर्षं श्वास घेतला तर फुफ्फुसं ॲलर्जीने ताठर होतात, तो तिसरा प्रकार. चाळीत निवडणाऱ्या बायकांना मास्क द्या, दारं समोरासमोर उघडी ठेवा. दमेकरी बाईला निवडायला बसवू नका, दुसरं काम द्या.

वटवाघळं आणि कबुतरांच्या विष्ठेतून होणारा हिस्टोप्लाझ्मोसिस भारतात आहे, पण जास्त करून गंगेच्या खोऱ्यात. तरी जुन्या वाड्याचा माळा झाडताना पाणी शिंपडूनच झाडा.

माती_परीक्षण

यात एक भर, द्राक्षवाल्यांसाठी. भुरीवर (वेलीवरचा बुरशीचा रोग) आपण जी हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनकोनॅझोल मारतो ती आणि पंचवटीकरांच्या सासऱ्यांचं फ्लुकोनॅझोल बुरशीनाशकांच्या एकाच ॲझोल कुळातली. शेतात ही सतत बसत राहिली की मातीतल्या ॲस्परजिलस फ्युमिगेटसमध्ये त्यांना न जुमानणारे वाण तयार होतात, मग माणसाच्या फुफ्फुसात तो वाण गेला की दवाखान्यातली गोळीही लागू पडत नाही. युरोपात हे आधी दिसलं, भारतातही असे वाण सापडलेत. दर पावसानंतर 'मारून टाकू एक ॲझोल' करणाऱ्यांनी गट बदलून फवारावं. निर्यातवाले उर्वरित अंशाच्या धाकाने पाळतात, लोकल मालवाले काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे.

वावरात

म्हणजे शेवटी शेतकऱ्यावरच आलं खापर.

माती_परीक्षण

खापर नाही दादा. वेगळा धागा काढू या त्यावर, इथे अवांतर होईल.

वाळवंटातली_तुळस

@गोदाकाठ, फिरायला जाताना ग्रँड कॅन्यन करणारच असाल. ॲरिझोनातल्या केसेस बहुतांश फिनिक्स आणि तूसानच्या पट्ट्यात होतात, वर कॅन्यनकडे फार कमी. पण रस्त्यात वादळ आलं तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन दिवे बंद करून थांबायचं, पाय ब्रेकवरून काढायचा. लाल दिवे दिसले की मागचा तिकडेच गाडी आणतो. हे बुरशीसाठी नाही, अपघातासाठी.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. घरी बोललो. बाबा म्हणाले, ऑक्टोबर छाटणी चुकवणार नाही आणि लेकीकडे जाणं रद्द करणार नाही. त्यामुळे बेत आधी ओढला: जूनच्या शेवटी निघायचं आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात परत. ताईलाही पटलं. एक्स-रे या आठवड्यात काढतो. आई वाफ्याला तयार आहे, फक्त 'विकतची माती' ऐकून बराच वेळ हसत होती.

डॉक्टर, असं तारखा ओढून काही फरक पडतो का? आणि बाबा डायबेटिससाठी ग्लिमेपिराइड घेतात. समजा तिथे फ्लुकोनॅझोल सुरू करावं लागलं तर एकत्र चालतं का?

डॉ_छातीठोक

फरक पडतो, पण धोका शून्य होत नाही. जुलैतही लोकांना होतो. चढाच्या आधी बाहेर पडताय एवढंच.

ग्लिमेपिराइडचा प्रश्न उत्तम. फ्लुकोनॅझोलमुळे ग्लिमेपिराइड रक्तात जास्त साठतं आणि साखर अचानक खाली येऊ शकते. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्याचं जमत नाही. एकत्र देतात, पण डोस कमी करून आणि साखर वरचेवर बघून. बाबांच्या सगळ्या गोळ्यांची घटकाच्या नावाने यादी करून पासपोर्टबरोबर ठेवा. आपली ब्रँडची नावं तिथे कुणाला कळणार नाहीत.

हेल्मेटवाला

एन-९५ इथूनच घ्या, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. बॅगेत त्या जागी चिवडा आणा.

कांदाचाळ

डॉक्टर, अजून एक. आमच्याकडे निवडायला येणाऱ्या एका मावशींना गेला महिनाभर खोकला आहे. दमा नाही. वजन उतरल्यासारखं वाटतं. काजळीचाच त्रास असेल ना? मास्क दिला तर कमी होईल?

डॉ_छातीठोक

मास्क द्या, पण त्याआधी उद्या सकाळी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जा. दोन आठवड्यांच्या वर खोकला आणि वजन उतरतंय म्हटल्यावर आपल्याकडे आधी टीबीच बघायचा. थुंकीची तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. पहाटे उठल्यावर चूळ भरून, खोल खोकून आतून आलेला बेडका डबीत द्यायला सांगा, नुसती लाळ नको. रोजंदारी बुडते म्हणून त्या टाळतील, तेव्हा उद्याचा रोज तुम्ही द्या. निकाल आला की इथे नको, मला व्यनि करा.